नहाणीत बोळा कोंबा आणि दोन दिवस थांबा

"घर घेतलंय, राहायचं नाहीये, भाड्यानेच द्यायचंय, तर जरा बघून सांगा ना किती लागतील" असा फोन मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतोच. पुढचं वाक्यही ठरलेलं, "जास्त काही करायचं नाहीये हो, नुसता कलर मारायचाय आणि किचन जरा चकाचक."

मी पुण्यात रिपेअरची आणि इंटेरियरची कामं घेतो. चोवीस वर्षं झाली. आधी एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होतो, मग स्वतःचं चालू केलं. वडील गवंडी होते, त्यामुळे घरात थापी आणि ओळंबा हीच आमची खेळणी. तर असा फोन आला की मी ठरल्याप्रमाणे सांगतो, कलर सगळ्यात शेवटी, आधी बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भोकात, फडक्याचा घट्ट बोळा कोंबा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि दोन दिवस त्या बाथरूममध्ये कोणी जाऊ नका. मग पाणी रेघेच्या खाली उतरलंय का ते बघा आणि खालच्या फ्लॅटची बेल वाजवून त्यांचं छत बघून या. समोरचा माणूस यावर जरा गप्प होतो. मला कळतं त्याच्या डोक्यात काय चाललंय, हा बाबा काम वाढवायला बघतोय. त्याची काही चूक नाही, आमच्या धंद्याने नावच तसं कमावलंय.

पण मी हे कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही, एकदा स्वतः न केल्यामुळे तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो.

कर्वेनगरमधली वीसेक वर्षं जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, टू बीएचके. मालक अमेरिकेत डॅलसला, त्यांनी रिसेलमध्ये इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेला फ्लॅट, किल्ली त्यांच्या मेव्हण्याकडे. मी घर बघायला गेलो तर कॉमन बाथरूमच्या टाइल्स पिवळ्या पडलेल्या, सांध्यांतलं सिमेंट निघून गेलेलं. मी म्हटलं हे सगळं खोदून परत वॉटरप्रूफिंग करू. साहेब व्हॉट्सअॅप कॉलवर म्हणाले, "अहो भाडेकरूंना काय कळतंय, टाइलवर टाइल लावून टाका ना, माझ्या मित्राने तसंच केलंय." आणि मी हो म्हणालो. महिना मार्चअखेरचा, हातात दुसरं काम नव्हतं, ३८ हजारांत काम झालं, पाच दिवसांत बाथरूम एकदम हॉटेलसारखं. फोटो पाठवले, साहेब खूश, मेव्हणे खूश, एप्रिलमध्ये आयटीतलं एक जोडपं राहायला आलं.

भाद्रपदात फोन आला. खाली एक काकू राहतात, त्यांनी गौरी बसवायच्या म्हणून माळ्यावरचा खोका खाली काढला, त्यात शाडूचे मुखवटे, सासूच्या सासूपासून चालत आलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. खोक्याचा तळ ओला होऊन हातातच सुटला. मी गेलो तेव्हा ते मुखवटे पाटावर ठेवले होते, एकीचा गाल पूर्ण विरघळून खाली आलेला, नथीच्या जागी नुसती माती. काकू माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर काम केलंत ना, मग असं कसं झालं?" बस एवढंच. मी माळ्यावर चढलो, टॉर्च मारला तर छताला पांढरं मीठ फुटलेलं आणि प्लास्टरचे पोपडे सुटून त्याच्या मागे गंजलेली सळई दिसत होती, म्हणजे हे काही चार महिन्यांतलं नव्हतं, वर्षानुवर्षं चालू होतं, पण आधी थोडं थोडं पाणी वरच्या सांध्यांतून उडून तरी जायचं. मी वर नवीन टाइल लावून झाकण घातलं आणि सगळं पाणी खाली जायला मोकळं करून दिलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण भाड्याच्या घरातले निम्मे पैसे इथेच जातात. आपल्याकडच्या बहुतेक बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूट-दीड फूट खाली टाकलेला असतो, त्याला संक स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यातून संडासचा आणि नहाणीचा पाइप जातो. मग तो खड्डा भरायचा, त्यावर कोबा म्हणजे सिमेंटचा थर, त्यावर फरशी. नियमाने काय करायला पाहिजे तर आधी स्लॅब साफ, पाइपाच्या भोवती पक्कं ग्राउटिंग, केमिकलचे दोन कोट, मग विटांच्या तुकड्यांचा ब्रिक बॅट कोबा, कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई, पाणी भरून टेस्ट, मग वरचं भरण आणि वर परत एकदा वॉटरप्रूफिंग. प्रत्यक्षात साइटवर काय होतं? महिनाअखेर आलेला असतो, मुकादमाला पुढच्या मजल्यावर जायचं असतं, आणि राडारोडा उचलायला पैसे पडतात, म्हणून तो राडारोडाच त्या खड्ड्यात लोटला जातो.

कर्वेनगरचं बाथरूम आम्ही शेवटी फोडलं. माझी ती हॉटेलसारखी टाइल, तिच्याखाली जुनी टाइल, तिच्याखाली सिमेंट आणि मग काळं पाणी. अक्षरशः पाणी, पाटी घालून उपसलं. त्यात फुटक्या विटा, सिमेंटची प्लास्टिक गोणी, लाकडाची खपली, गुटख्याच्या पुड्या, सगळं भिजून लोणच्यासारखं मुरलेलं. वीस वर्षं तो खड्डा स्पंजसारखा पाणी पित होता आणि सवडीने खाली सोडत होता. नहाणी ट्रॅपच्या भोवती बोट जाईल एवढी फट. ६१ गोण्या राडारोडा निघाला त्या एका बाथरूममधून, लिफ्ट नाही, बिगारी जिन्याने उतरवत होते आणि प्रत्येक मजल्यावरचं कोणीतरी दार उघडून धुळीबद्दल बोलत होतं.

खर्च आला १ लाख १५ हजार, त्यातली माझी मजुरी मी धरली नाही. खालच्या काकूंच्या छताची सळई घासून, अँटी रस्ट मारून, पॉलिमर मॉर्टर भरून, रंग करून दिला ते वेगळं. वरचं आयटीवालं जोडपं दुसऱ्या आठवड्यात घर सोडून गेलं, त्यांचं काय चुकलं, एका बाथरूमवर आणि या धुळीत कोण राहील. दोन महिने घर रिकामं. आधीचे ३८ हजार तर कचऱ्यातच गेले. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात एक म्हातारे कारागीर आहेत त्यांच्याकडे मी स्वतः ते मुखवटे घेऊन गेलो, त्यांनी गाल परत केला, रंगवला, छान केलं. पण काकू म्हणाल्या चेहरा वेगळा झालाय. असेल.

तेव्हापासून मी टाइलवर टाइल लावत नाही. पॅसेजमध्ये लावेन, हॉलमध्ये लावेन, बाथरूममध्ये नाही. दोन-तीन गिऱ्हाईकं गेली त्यामुळे, जाऊ देत.

बरं, ज्यांनी अजून घर घेतलं नाहीये, बघतायत, त्यांच्यासाठी. जुना फ्लॅट बघायला लोक रविवारी सकाळी अकराला जातात, ऊन छान असतं, एजंटने पडदे उघडून ठेवलेले असतात. पावसात जा हो. जुलैमध्ये, सलग चार दिवस झोडपल्यावर जा. पश्चिमेकडची भिंत बघा, खिडकीच्या खालचा कोपरा हाताच्या पालथ्या बाजूने चाचपून बघा, गार लागतो का. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळते, हे वडिलांनी शिकवलेलं. सगळं घर जुनं आणि एकाच खोलीच्या छताला ताजा पांढरा रंग असेल तर खूश होऊ नका, तिथेच काहीतरी झाकलंय. खिशातलं नाणं काढून फरशीवर टकटक करत फिरा, पोकळ आवाज आला की खाली माल भरलेला नाही, तिथे उद्या भाडेकरूचा फ्रिज आला की टाइल तडकणार. एजंट हसेल, हसू द्या.

आणि सोसायटीच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोला. त्याला सगळं माहीत असतं, टँकर किती येतात, लिफ्ट किती वेळा बंद पडते, वरच्या मजल्यावरचा आणि खालच्या मजल्यावरचा का भांडतात. वाकड, हिंजवडी, वाघोली बाजूला ज्या सोसायट्या टँकरवर चालतात तिथे मेंटेनन्स कसा चढत जातो ते ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, आणि बोअरचं जड पाणी गीझरच्या कॉइलवर जे क्षार चढवतं ना, तिथे दर दीड-दोन वर्षांनी तुमचा प्लंबर कायमचा पाहुणा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं ते विचारा, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरचं दर ३ वर्षांनी व्हायला पाहिजे. सेक्रेटरी उत्तर टाळायला लागला की काय ते समजून जा.

टॉप फ्लोअर स्वस्त मिळतोय म्हणून घेणारे पण खूप आहेत. गच्चीतून गळलं किंवा बाहेरच्या कॉमन पाइपमधून आलं तर ते काम सोसायटीचं, तुमच्या बाथरूममधून खाली गेलं तर तुमचं, कागदावर हे एवढं सरळ आहे. पण सोसायटीची मीटिंग, मग कोटेशन, मग फंड नाही, मग पुढची मीटिंग, तोपर्यंत तुमच्या भाडेकरूने दोन पावसाळे बादल्या लावून काढायचे का? तो नाही काढत, तो जातो.

नवीन फ्लॅट घेतला असेल तर एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा २०१६ चा, त्यात आहे की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण कळवायचं म्हणजे लिहून, ईमेलने, फोटोसकट. माझ्याकडे लोक सहाव्या वर्षी येतात आणि म्हणतात ओल तर दुसऱ्याच वर्षी आली होती, आम्ही साइट इंजिनीअरला फोनवर सांगितलं होतं, तो पाठवतो म्हणाला माणूस. इन्व्हेस्टमेंटच्या घरात तर मालक ताबा घेतो, कुलूप लावतो आणि जातो, बाथरूम पहिल्यांदा वापरला जातो तोच वर्षा-दोन वर्षांनी भाडेकरू आल्यावर. तोपर्यंत घड्याळ चालूच असतं. म्हणून ताबा मिळाल्या मिळाल्या बोळा कोंबा, पाणी भरा. फुकटात होणारी टेस्ट आहे.

आता हिशोब. मी काही सीए नाही, पण लोकांचा हिशोब ऐकून ऐकून माझाही पक्का झालाय. समजा ८० लाखांचा टू बीएचके, भाडं २२ हजार. लोक बाराने गुणतात, २ लाख ६४ हजार, ३.३ टक्के, ठीकाय म्हणतात, वर किंमत वाढेलच. पण मेंटेनन्स मालकानेच भरायचा असेल तर महिन्याला ३ हजार धरून ३६ हजार गेले. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मध्ये महिनाभर रिकामं, २२ हजार गेले. मिळकतकर १२ हजार धरा, आणि पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलं की मिळत नाही, हे पण आधी कोणी सांगत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावणार, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्त लावत असतील तर भांडा. तो किरकोळ आहे म्हणून सोडून दिला तरी राहिले १ लाख ९४ हजार, म्हणजे २.४ टक्के. आता यात माझं ८० हजारांचं एक बिल टाका. पाच महिन्यांची कमाई एका बाथरूममध्ये गेली.

इन्कम टॅक्समध्ये भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा करून जे उरतं त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही रिपेअरला एक रुपया खर्च करा नाहीतर लाख करा. माझे एक क्लायंट आहेत, शिक्षक होते, रिटायर झाले, त्यांचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, ते त्यातला तिसरा हिस्सा दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकतात आणि म्हणतात हे सरकारने मला रिपेअरसाठीच सोडलंय. त्या खात्याला त्यांनी माझं नाव ठेवलंय. मला ते ऐकून लाज पण वाटते आणि बरं पण वाटतं. पण त्यांच्या घरी मला गेल्या सहा वर्षांत एकदाही रात्रीचा फोन करून बोलवावं लागलं नाही, कारण दर मे महिन्यात ते मला बोलावतात, गच्चीचे पाइप, खिडक्यांच्या फटा, अँगल कॉकचे वॉशर, सगळं बघून घेतात, दोन-चार हजारांत सुटतात.

काय लावावं आणि काय नको, यावर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात. सिंकच्या खालचं कपाट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, करू नका, एका गळतीत फुगून पाव होतो त्याचा, तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा मग सरळ कडप्पा टाका, दार तेवढं लावा. नळ दिसायला साधे पण चांगल्या कंपनीचे घ्या, ज्याचे स्पेअर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, इटालियन डिझाइनच्या नळाचा स्पिंडल शोधत मी अर्धा दिवस बोहरी आळीत घालवलाय. रंग एकच शेड सगळ्या घराला, आणि तिचा नंबर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एक भिंत टचअप होते, सगळी खोली काढावी लागत नाही. महाग रॉयल फिनिश भाड्याच्या घराला नको आणि अगदी डिस्टेंपर पण नको, पुसता येत नाही, मधलं धुता येणारं इमल्शन. बाथरूमची फरशी अँटी स्किड, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. पडदा पट्टी, कपडे वाळत घालायचा स्टँड, आरशाचा हुक, हे आपणच लावून द्या, नाहीतर प्रत्येक भाडेकरू नवीन चार भोकं पाडतो आणि त्यातलं एक कधीतरी कन्सिल्ड पाइपमध्ये जातंच.

भिंतीतल्या पाइपांचे फोटो हा माझा हट्टाचा विषय. प्लंबरने पाइप टाकले, पंप लावून प्रेशर टेस्ट झाली, की गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसलं पाहिजे. मी ते छापून मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवतो. पोरं हसतात माझी. पण चार वर्षांनी एसीवाला ड्रिल घेऊन येतो तेव्हा तोच कागद उपयोगी पडतो.

आता आमच्या जातभाईंबद्दल, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर लोकांबद्दल. तीन कोटेशन घ्या असं सगळेच सांगतात, पण तीन जणांनी तीन वेगळी कामं धरलेली असतात, त्यांची तुलना कशी करणार? एकाने लिहिलं "बाथरूम रिनोव्हेशन लमसम ७० हजार", त्यात वॉटरप्रूफिंगचे किती कोट, कुठलं केमिकल, राडारोडा कोण उचलणार, काहीच नाही. लमसम, म्हणजे सगळं मिळून मोघम एक आकडा, हा शब्द दिसला की सावध व्हा, आम्ही तो तेव्हाच लिहितो जेव्हा आम्हालाच नक्की माहीत नसतं किंवा तुम्हाला सांगायचं नसतं. कलरचं माप कार्पेट एरियावर नसतं, भिंती आणि छत मिळून असतं, पेंटर लोक ठोकताळ्याने कार्पेट एरियाच्या साडेतीन पट धरतात, त्यात खिडक्या वजा केल्या का ते विचारा. अॅडव्हान्स द्यावाच लागतो, मटेरियल आम्ही काय खिशातून आणणार, पण निम्म्याच्या वर काम दिसल्याशिवाय देऊ नका. आणि गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं काम असेल तर शेवटचे १० टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. हे मी लिहितोय म्हणजे माझ्याच पायावर धोंडा आहे, पण ठीक आहे, माझे पण राहतात आणि मिळतात.

फक्त एक, पैसे ठेवा म्हणजे छळा असं नाही. काम झालं, पाऊस झाला, कोरडं आहे, तरी महिनाभर फोन न उचलणारे मालक पण मी बघितलेत. त्यात माझं जे व्हायचं ते होतं, पण शनिवारी संध्याकाळी मिस्त्री आणि बिगारी माझ्या गाडीपाशी उभे असतात पगाराला, त्यांना मी काय साहेब मीटिंगमध्ये आहेत सांगू?

कागदपत्रांचं सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं पण नसतं. ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही असं अजून लोक बोलतात. महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. आता ऑनलाइन होतं, घरी माणूस येऊन अंगठे घेऊन जातो. त्याच करारात दुरुस्तीचं लिहा ना, बल्ब, वॉशर, चोकअप भाडेकरूचं, भिंतीच्या आतलं सगळं मालकाचं, किती दिवसांत करून देणार ते पण लिहा. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं मी मध्ये उभा राहून ऐकलीत, मालक म्हणतो भिंत खराब केली, भाडेकरू म्हणतो ओल आधीपासून होती, दोघं माझ्याकडे बघतात. आत जातानाचा व्हिडिओ दोघांकडे असला तर मला साक्षीदार व्हावं लागत नाही.

एवढं सगळं शहाणपण सांगतोय तर माझंही सांगायला पाहिजे. धायरीला माझा स्वतःचा वन बीएचके आहे, २०१४ ला घेतला, भाड्याने असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल तर तिथे जा. गेल्या वर्षी तिथे एक नर्स ताई आणि त्यांची आई राहायला आल्या. आठवड्याभरात त्यांचा मेसेज, "दादा, गीझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात." मी लिहिलं, बघतो. आणि मी नाही बघितलं. बावधनला साइट चालू होती, मग लेबर गावाला गेलं, मग मी विसरलो. तेरा दिवसांनी परत मेसेज, "आईला आज जोरात बसला. मी तिला बादलीत गरम पाणी करून देते आता गॅसवर, पण तुम्हाला जमेल तेव्हा बघा." जमेल तेव्हा. मी त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला घेऊन गेलो. गीझरचा प्लग उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर कापून, वर टेप गुंडाळून मागे वळवून ठेवलेली. आधीच्या भाडेकरूच्या वेळी कोणीतरी प्लग बदलला असणार आणि तिसरी वायर बसेना म्हणून सोडून दिली असणार. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नव्हताच. दुसऱ्यांच्या घरात मी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर काम हातात घेत नाही, गीझरला आणि एसीला ४ स्क्वेअर एमएम वायर, १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीच, हे मी झोपेत पण सांगेन. आणि माझ्या घरात एक सत्तर वर्षांची बाई ओल्या हाताने नळ सोडत होती.

त्या आजी मला चहा घेऊनच जा म्हणत होत्या. मी तिथे बसलो होतो आणि माझ्या डोक्यात सारखं ते डॅलसचे साहेब येत होते, ज्यांना मी दोन वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली. ते निदान तेरा-चौदा हजार किलोमीटर लांब होते. मी सहा किलोमीटरवर.

वायरिंग सगळं काढून नवीन केलं, दोन दिवसांत. वन बीएचके असतो तरी केवढा. त्यानंतर मी फोनमध्ये माझ्याच नावाने एक साइट टाकली, जशा क्लायंटच्या असतात तशी, धायरी, मालक मी, कॉन्ट्रॅक्टर मी, पेंडिंग कामं पुढीलप्रमाणे. त्यात परवा एक वाढलं. ताई म्हणाल्या संडासच्या मागच्या भिंतीला कुबट वास येतोय, आधी वाटलं पावसाळ्याचा आहे, पण जात नाहीये.

काल सकाळी गेलो. भिंतीला पालथा हात लावला. गार आहे. ताईंना म्हटलं दोन दिवस बाथरूम बंद लागेल, त्यांनी शेजारच्या वहिनींकडे अंघोळीची सोय केली, खालच्या मजल्यावर सांगून आलो. जुन्या बनियनचा बोळा केला, ट्रॅपमध्ये कोंबला, वर दगड ठेवला, तीन इंच पाणी भरलं आणि गुडघ्यावर बसून रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाणी तर हवाच खाते, तेवढं चालतं. आज संध्याकाळी ताईंनी फोटो पाठवला, रेघ आणि पाणी यांच्यात मला दोन सूत अंतर दिसतंय, पण फोटो तिरका काढलाय. उद्या अकराला अठ्ठेचाळीस तास पुरे होतात, सोबत छन्नी-हातोडी घेऊनच निघणार आहे.